वरचा कॅन

वाटाण्याचा वाटाणेपणा घालवणं येरागबाळ्याचं काम नाही. मी तो घालवला! तीन वर्षं मी पिवळ्या वाटाण्यातून प्रथिनं काढतोय. आधी वाटाण्याच्या पाण्यात घालायचं एन्झाइम, म्हणजे प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या कापणारी कात्री. कात्रीने कापलं की काही कडूजहर तुकडेही पडतात. मग ते पाणी इतक्या बारीक गाळणीतून दाबायचं, की कडू तुकडे नि खारटपणा खाली गळतो आणि प्रथिनं वर राहतात. वरचं आपलं, खालचं गटाराचं. बस्स!

त्या दिवशी चव बघायला एका मोठ्या कंपनीच्या खरेदीप्रमुख बाई आल्या. आजारी, थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी त्यांना पौष्टिक पेय काढायचं होतं. त्यांचा होकार आला तर आमचा विभाग राहणार, नाहीतर टाळं! मी गाळणीवरच्या मामांना फोन लावला.

"मामा, वरचा कॅन पाठवा!"

"वरचाच ना?"

"वरचाच! खालच्याला हातसुद्धा लावू नका!"

कॅन आला. पाच पेले भरले. पहिला घोट आमच्या साहेबांचा. साहेबांना चार दिवस अशी सर्दी, की नाकाखाली टायर जाळला तरी पत्ता लागला नसता!

"वा! अप्रतिम!" साहेब म्हणाले.

आता साहेबच म्हणाले म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? विक्रीवाल्याने घोट घेतला. त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"चवीला... खोली आहे," तो कसाबसा म्हणाला.

पॅकिंगच्या ताईंच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. "शब्द नाहीत हो!" त्या म्हणाल्या. मी कौतुकाने फुगून टम्म!

"घ्या ना बाई, लाजू नका!"

बाईंनी घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला.

"हे आजाऱ्याला द्यायचं? अहो, धडधाकट माणूस आडवा होईल!"

मी घाईघाईने माझा पेला तोंडाला लावला. माझी जीभ घशात जाऊन लपली! तसाच धावत गाळणीच्या खोलीत गेलो.

"मामा, हा कुठला कॅन दिलात?"

"वरचा! वरच्या फळीवरचा," मामा शांतपणे म्हणाले. "खालच्या फळीवरच्याला हात लावला असेल तर शपथ!"

गटारात जाणारं पाणी मामांनी वरच्या फळीवर ठेवलं होतं. चूक कोणाची, यावर वाद घालायला वेळ नव्हता. खालच्या फळीवरचा कॅन मी पोटाशी धरून पळत आणला आणि बाईंच्या हातापाया पडून एक घोट घ्यायला लावला.

बाईंनी पेला नाकाशी नेऊन हुंगला. दुसरा घोट. पुन्हा हुंगला. मला दरवाजावर टाळं दिसायला लागलं.

"याला काहीच चव नाही," बाई म्हणाल्या.

"ना वाटाणा, ना कडू?" माझा आवाज चिरकला.

"काही म्हणजे काही नाही! अहो, हेच तर हवंय मला! माझी आई पंच्याऐंशीची आहे. दुधात काही मिसळलं की पेला सरकवून देते. हे तिला कळायचंसुद्धा नाही! पाठवा शंभर किलो."

साहेबांनी नाक पुसत पुन्हा "अप्रतिम!" म्हटलं. या वेळी सगळ्यांना पटलं.

घरी मी तरंगतच पोचलो.

"ऐकलंस का! आज एवढ्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या कामाला बेचव म्हटलं!"

बायकोने पेपरातून मानही वर केली नाही.

"त्यासाठी त्यांना कशाला बोलावलंत? दर रविवारी तुमच्या हातचं मीच जेवते ना!"