ऑर्व्हिल क्लिंगरची अचूक रायफल

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये हेच बरं. ज्या गोष्टीवर लोकांचा चटकन विश्वास बसतो, ती सांगायला माझी काय गरज? ती तर पाद्रीबाबाही सांगतात. पण मेरिल बॅशोरने प्रश्नच असा विचारला, की गप्प बसणं पाप ठरलं असतं.

मेरिल आमच्या डोंगरातल्या रायफल क्लबचा सगळ्यात नवा सभासद. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला, आता निवृत्त. नडीनच्या खानावळीत, अंडी आणि स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वड्या, खाता खाता तो मला मोठ्याने म्हणाला, "वेंडेल, पॉइंट टू-टूची एक रायफल सुचव. नेम अचूक पाहिजे आणि खिशाला परवडली पाहिजे. शिकार-बिकार नाही, कागदावर भोकं पाडायची, बस्स."

नडीनची कॉफीची किटली हवेतच थांबली. "हळू बोल, मेरिल. मागच्या टेबलावर क्लबची माणसं बसलीयत."

"हळू कशाला? सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत स्वतःच्या रायफलीने पात्रतेचा कागद मारून दाखवायचाय. नाही दाखवला तर नाव पुन्हा प्रतीक्षायादीच्या तळाशी."

"मग दुकानात जा, एक उचल आणि ये."

"न विचारता?"

इथे मी माझी प्लेट बाजूला सारली. कारण ऑर्व्हिल क्लिंगरनेही हेच केलं होतं. त्याने विचारलं होतं.

ऑर्व्हिल शाळेची बस चालवायचा. पोरगी पहिलीत गेली त्या वर्षी त्याने क्लबच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं, आणि नातू पहिलीत गेला त्या वसंतात त्याला सभासदत्वाचं पत्र आलं. यात उशीर झाला असं कुणी समजू नये. आमच्या क्लबची सभासदसंख्या घटनेने कायम केलेली आहे, त्यामुळे यादी पुढे सरकते ती फक्त अंत्यविधींनी. एखादा सभासद खोकला, की यादीतली माणसं त्याच्या घरी सूप घेऊन जातात आणि तो सूप पीत असताना त्याच्याकडे बारकाईने बघतात. ऑर्व्हिलने असं पुष्कळ सूप वाहिलं होतं. आता त्याचा स्वतःचा खोकला सुरू झाला होता. पुन्हा तळाशी जाणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याची बायको व्हर्ना सरळ बाई. ती म्हणाली, "घे रायफल. पण स्वयंपाकघराचा नळ तीन हिवाळे गळतोय. नळापेक्षा महाग घेतलीस तर रायफलीनेच भांडी घास."

म्हणजे अचूकता क्लबच्या नियमाने ठरलेली आणि परवडणं व्हर्नाने ठरवलेलं. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात, काचेपलीकडे, नळापेक्षा किंचित स्वस्त अशी एक साधी बोल्टवाली रायफल उभी होती. ऑर्व्हिलने ती बघितली, त्याला आवडली. दुपारच्या जेवणाआधी प्रकरण मिटलं असतं. पण आमच्याकडे न विचारता रायफल घेणं म्हणजे क्लबातल्या जुन्या माणसांना मेलेलं समजणं. आणि ती मेलेली नाहीत, हे तर यादीवरून उघडच होतं. म्हणून ऑर्व्हिल गुरुवारच्या सभेत उभा राहिला आणि त्याने विचारलं.

आमचे अध्यक्ष क्लेटन रप वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. गावातल्या प्रत्येक खाटकाच्या तराजूवर एकेकाळी त्यांचं सील होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सभासदाने अचूक असा शब्द वापरला आहे. अचूक म्हणजे किती अचूक?"

"पन्नास यार्डांवरून कागदाच्या मध्यावर लागली म्हणजे झालं," ऑर्व्हिल म्हणाला.

सभेत कुणीतरी हसलं. मग जे झालं ते आमच्याकडे नेहमीच होतं. सगळ्यांचे हात एकदम मागच्या खिशाकडे गेले. प्रत्येक सभासद आपल्या पाकिटात, बायकोच्या फोटोच्या पुढे, आपल्या सर्वांत भाग्यवान दिवसाचा कागद घडी घालून ठेवतो. पाच गोळ्या, पाच भोकं, सगळी एकमेकांना चिकटलेली. बाकीच्या दिवसांचे कागद चुलीत जातात. टेबलावर कागद मांडले गेले. कुणाचाही पुंजका नखाएवढ्या डाइमच्या नाण्यापेक्षा मोठा नव्हता. अध्यक्षांचा तर इतका लहान होता, की तो बघायला भिंग लागलं आणि भिंगही त्यांनीच बरोबर आणलं होतं.

सर्वानुमते ठराव झाला, की पाचही गोळ्या एकाच भोकातून जातील तीच रायफल अचूक मानावी.

"पण अध्यक्षमहाराज," ऑर्व्हिल म्हणाला, "भोक एकच असेल तर उरलेल्या चार गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत, असंही असू शकेल ना?"

प्रश्न रास्त होता, म्हणून तो उपसमितीकडे गेला. उपसमितीने शिफारस केली, की कागदामागे धान्यकोठाराचं एक दार उभं करावं, म्हणजे चुकलेल्या गोळ्या दारात सापडतील. दार आणलं. दाराला आधीचीच भोकं होती. तेव्हा दारामागे दुसरं दार आलं. जूनपर्यंत आमच्या मैदानावर अकरा दारं एकामागे एक उभी होती आणि तालुक्यातल्या कोठारांत गाई उघड्या पडल्या होत्या.

"अकरा?" मेरिल म्हणाला.

"एक मी घरी नेलं, म्हणून दहा म्हणतात काही लोक."

पुढचा विषय, परवडणं. खजिनदारांनी मांडणी केली, की महाग रायफलीत सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, म्हणून तिच्यात बचतीला वाव नाही. स्वस्त रायफलीचं तसं नसतं. तिची दुर्बीण बदलता येते, चाप बदलता येतो, दस्ता बदलता येतो, नळी बदलता येते, आणि प्रत्येक बदलात घासाघीस करून माणूस काहीतरी वाचवतोच. तेव्हा जिच्यावर सगळ्यात जास्त खर्च करावा लागेल, तीच रायफल सगळ्यात परवडणारी.

ऑर्व्हिलने हे घरी सांगितलं. व्हर्ना म्हणाली, "म्हणजे नळाच्या किमतीची रायफल, आणि तिच्यावर बेसिनच्या किमतीची दुर्बीण?"

"दुर्बीण फर्निचरमध्ये धरायची, असा ठराव आहे."

"ठराव माझ्या स्वयंपाकघरात राहायला येणार आहे का?"

त्या रात्री नळ जरा जास्तच गळला, असं ऑर्व्हिल सांगायचा.

जुलैत काडतुसांचा विषय आला. पॉइंट टू-टूचं काडतूस म्हणजे करंगळीच्या पेराएवढं, पण त्याचे नखरे नव्या जावयासारखे. एका रायफलीला एक जात मानवते, दुसरीला ती पचत नाही. हे खरं आहे, यात मी काही घातलेलं नाही. तेव्हा ऑर्व्हिलच्या रायफलीला काय मानवेल हे शोधणं आलं. तिला विकत घेण्याआधीच शोधणं आलं, कारण मानवणारं काडतूस मिळणार नसेल तर रायफल घेऊन उपयोग काय? आणि एखादी पेटी चांगली निघाली, तर त्याच खेपेतल्या सगळ्या पेट्या उचलाव्या लागतात. पुढची खेप तशीच निघेल याची खात्री नसते. ऑर्व्हिलने दुकानदाराला नुसतं विचारलं, की अमुक काडतुसं कशी आहेत. तो घरी पोचेपर्यंत अमुक काडतुसं संपली होती. क्लबमधल्या साऱ्यांनी, तो विचारतोय म्हणजे काहीतरी असेल, असं समजून ती नेली होती. त्याने तमुक विचारलं, तमुकही संपली. ऑगस्टमध्ये त्याला दुकानात पाऊल ठेवायची बंदी झाली. दुकानदार म्हणाला, "ऑर्व्हिल, तू नुसता खोकलास तरी माझी फळी रिकामी होते."

मग नळी साफ करण्याचा प्रश्न. आमच्याकडे एका चर्चची दोन चर्च झाली, ती देवावरून नव्हे, यावरून. एक पक्ष म्हणतो, दर दिवशी नळी पुसावी. दुसरा म्हणतो, मरेपर्यंत पुसू नये, पुसली की नेम जातो. सभेत पुसणारे डावीकडे बसतात, न पुसणारे उजवीकडे, आणि मधली खुर्ची नव्या सभासदाची. ऑर्व्हिलला दोन्ही बाजूंनी सल्ला मिळाला, तोही एकाच वेळी.

"मी अजून रायफल घेतलेलीच नाही," तो कळवळून म्हणाला.

"तेच तर!" अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सभासदहो, नीट विचार करा. प्रत्येक गोळीने नळी झिजते. म्हणजे प्रत्येक गोळीने अचूकता खर्च होते. मग सगळ्यात अचूक रायफल कोणती?"

पुसणारे न पुसणाऱ्यांकडे बघू लागले. जिच्यातून गोळी झाडलीच नाही, तिची नळी पुसायचा प्रश्नच येत नाही. इतक्या वर्षांनी दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी एक रायफल सापडली होती. टाळ्यांच्या गजरात ठराव झाला, की ऑर्व्हिलने काचेपलीकडची ती साधी रायफल घ्यावी आणि क्लबने तिची अचूकता जपावी. म्हणजे एप्रिलमध्ये त्याला जी आवडली होती, नेमकी तीच. बायकोला न सांगता त्याने ती सप्टेंबरमध्ये आणली. तोवर तिची किंमत नळापेक्षा वर गेली होती.

"आणि शनिवार?" मेरिलचा काटा ताटातच राहिला होता. "शेवटचा शनिवार?"

शेवटच्या शनिवारी सकाळी ऑर्व्हिल मैदानावर हजर होता. आकाश स्वच्छ, वारा नाही. वारा नाही हे ठरवायलाच दुपार झाली. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून लावलेल्या झेंड्या फडफडल्या की त्यांच्यामुळे वारा निर्माण होतो, अशी एका सभासदाची लेखी हरकत होती. झेंड्या काढल्या. मग वारा आहे की नाही हे कळेना. शेवटी जवळच्या कुरणातली एक गाय आणून उभी केली, कारण गाय वाऱ्याला पाठ देऊन उभी राहते. गाईने ऑर्व्हिलकडे पाठ केली. म्हणजे वारा त्याच्याच तोंडून येतोय, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला श्वास रोखायला सांगण्यात आलं.

ऑर्व्हिल बाकावर बसला. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. अख्खा जन्म त्या एका क्षणासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस तो.

"हरकतीचा मुद्दा!" अध्यक्ष म्हणाले. "सभासदाने गोळी झाडल्यास क्लबने जपलेली अचूकता नष्ट होईल. ते ठरावाचं उल्लंघन आहे."

"पण नाही झाडली तर मी बाद होईन!"

"ते नियमानुसार आहे. दोन्हींत विसंगती मला दिसत नाही."

कुंपणाबाहेर गाडीत व्हर्ना बसली होती. तिने खिडकी खाली केली आणि भोंगा दाबून धरला. "ऑर्व्हिल! झाड ना एकदाची! घरी येऊन नळ बघायचाय!"

ऑर्व्हिलचं बोट चापावर गेलं. त्याने अध्यक्षांकडे बघितलं. डावीकडे पुसणारे, उजवीकडे न पुसणारे, आयुष्यात पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून उभे. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर असा भाव, जणू तो चर्चच्या काचेवर दगड मारणार आहे. ज्यांच्यात बसायचं म्हणून इतकी वर्षं सूप वाहिलं, ती ही माणसं. त्याला त्यांना दुखवणं जमेना. पाच वाजले, मैदान बंद झालं.

सोमवारी पत्र गेलं. सभासदाने पात्रतेचा कागद सादर न केल्याने त्याचं नाव यादीच्या शेवटी घेण्यात येत आहे. त्याची रायफल उत्कृष्ट स्थितीत ठेवल्याबद्दल क्लब त्याचा आभारी आहे. आणि त्या वर्षीचा अजिंक्यपदाचा करंडकही त्या रायफलीलाच दिला, कारण हंगामात एकदाही न चुकलेली तेवढी एकच होती.

खानावळीत मागच्या टेबलावरची माणसं आपापल्या कॉफीत बघत होती. मेरिलचा चेहरा पडला होता. शेवटचा शनिवार जेमतेम दहा-बारा दिवसांवर आलेला.

"म्हणून सांगतो, कुणाला विचारू नकोस," मी म्हणालो आणि खुर्चीमागून कापडी पिशवी काढून काउंटरवर ठेवली. "ही बघ. ऑर्व्हिलची तीच रायफल. व्हर्नाने नळाच्या किमतीत मला दिली, तुला त्याहून थोडी वर पडेल. आजवर एकही गोळी झाडलेली नाही. कारखान्यात भरलेली सगळी अचूकता आत जशीच्या तशी, काठोकाठ."

मेरिलने रायफल बाहेर काढली. बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही ना ते बघितलं. मग नडीनच्या काउंटरवरचा पांढरा कागदी रुमाल घेतला, त्याची सुरळी केली, नळीच्या तोंडात घालून फिरवली आणि बाहेर काढून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. कोळशासारखी काळी.

"थापाड्या!" तो ओरडला. "एकही गोळी नाही म्हणे! अरे, या नळीतून तर अख्खं दुकान गेलंय! दारं खोटी, गाय खोटी, करंडक खोटा, तूही खोटा!"

मागच्या टेबलावर खुर्च्या सरकल्या. मेरिलने रायफल खांद्याला लावून बघितली, दस्त्यावरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, ते राहू दे. हिला काडतूस कुठलं मानवेल?"