कूलर विरुद्ध मिरची

या देशात ज्याला वकिलाला पैसे द्यावे लागतात, त्याला मोबाइल नीट वापरता येत नाही, असं देवाजी ढोबळ्यांचं ठाम मत होतं, आणि ते मानेवाडा रोडवरच्या प्रत्येक पानठेल्यानं ऐकलेलं होतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सरकारच्या सगळ्या वेबसाइट पालथ्या घातल्या होत्या. इस्त्रीवाल्या कवडूच्या रेशनकार्डावर त्यांनी त्याच्या बायकोचं नाव चढवून दिलं, तेव्हापासून तर गल्ली त्यांना 'वकीलसाहेब' म्हणू लागली. थट्टेनं म्हणत होती, पण देवाजींनी तेवढं बारकाईनं पाहिलं नाही.

अशा माणसाला स्वतःची एक तरी केस हवीच. ती मे महिन्यात चालून आली.

देवाजी वरच्या मजल्यावर राहत, प्रयागबाई वाघाडे खाली. गच्ची दोघांची. देवाजींच्या खिडकीचा, यंदाच घेतलेला कूलर त्याच गच्चीवर उभा, आणि त्याच्या पुढ्यात प्रयागबाईंनी भिवापुरी मिरची वाळत घातली. दुपारी जेवून देवाजी आडवे झाले, कूलर सुरू केला, आणि कूलरनं गच्चीवरची हवा प्रामाणिकपणे आत आणली. लागोपाठ अकरा शिंका! कूलर बंद करावा तर नागपूरचं ऊन, अंगाचं पाणी पाणी. आठ दिवस दुपारची झोप नाही म्हटल्यावर माणूस काय करेल?

सरळ खाली जाऊन सांगेल. पण देवाजींना तेच जमेना. प्रयागबाई दर रविवारी पाटोडीच्या भाजीचा डबा वर पाठवत. रस्सा ओरपलेल्या तोंडानं 'मिरची उचला' कसं म्हणायचं? कागदावर सगळं सभ्यपणे मांडता येतं. म्हणून ते जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले.

तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. शेजाऱ्यांचे असे वाद कोर्टात केस न करताही लोकअदालतीत बसून मिटतात, म्हणाल्या. मोफत वकिलासाठी मात्र उत्पन्नाची मर्यादा होती आणि देवाजी तिच्या बरेच वर होते. महिलांना ती अट नाही, उत्पन्न कितीही असो. हे ऐकून देवाजींचा चेहरा उजळला.

घरी रुख्मिणीबाई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. देवाजींनी अर्ज पुढे केला, इथं सही कर म्हणाले. गॅसच्या कार्डापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत चौतीस वर्षं नवरा बोट ठेवेल तिथे सही करत आलेल्या बाईनं हात पदराला पुसला आणि सही केली.

बारा दिवसांनी प्रयागबाई एक पत्र घेऊन वर आल्या. सौ. रुख्मिणी ढोबळे यांना तुमच्या मिरचीमुळे तीव्र शारीरिक व मानसिक त्रास होत आहे, तरी लोकअदालतीत हजर राहावं, असं त्यात लिहिलं होतं.

"बावीस वर्सं झाली रुख्मिणी," प्रयागबाईंनी पत्र तिच्या हातात दिलं. "मले तोंडानं काहून नाही सांगितलं वं?"

रुख्मिणीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पेपरच्या मागे गेला होता.

"अवं, अर्धी मिरची माहीच आहे. मी माह्याच मिरचीवर केस काहून करू?"

वकीलसाहेबांना ही बातमी नवीन होती. दोघी दरवर्षी भागीत एक पोतं घेत, दुपारी गच्चीवर वाळवत, आणि दुपारी झोपलेल्या माणसाला ते कधी दिसलंच नव्हतं. पुढचा अर्धा तास रुख्मिणीबाई जे बोलल्या ते छापण्यासारखं नाही. मग दोघी मैत्रिणी रडल्या, हसल्या, चहा प्याल्या. देवाजींना चहा मिळाला नाही. उद्याच अर्ज मागे घेतो, असं ते हळूच म्हणाले.

"काहून? केस माह्या नावाची आहे," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तारखेले मीच जाईन."

तारखेला दोघी एकाच ऑटोतून गेल्या, देवाजी मागून स्कूटरवर. रुख्मिणीबाईंना अॅडव्होकेट सोनिका मेश्राम ही चुणचुणीत वकील मिळाली होती. प्रयागबाईही महिलाच, त्यांनाही एक मिळाली. देवाजींना खुर्ची मिळाली, तीही पाठीमागची.

रुख्मिणीबाईंनी सांगितलं की त्रास खरा आहे, पण मिरचीचा नाही. दोन घरांच्या गच्चीवर, नेमक्या उन्हाच्या जागी, कोणाला न विचारता ठेवलेल्या कूलरचा आहे. प्रयागबाईंनी लगेच दुजोरा दिला. भांडायला आलेल्या दोघींचं इतक्या झटपट एकमत झालेलं पाहून समोर बसलेले पॅनेलचे लोकही हसू लागले. देवाजी घाईघाईनं उठले.

"काका, तुम्ही या प्रकरणात पक्षकार आहात का?" सोनिकानं विचारलं.

देवाजींना आपण भरलेला अर्ज आठवला. नव्हते. ते बसले.

तडजोड झाली. कूलर मागच्या खिडकीला लावायचा. मागची खिडकी स्वयंपाकघराची. दोघींनी सह्या केल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे देवाजींना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता रुख्मिणीबाई भर उन्हाळ्यात गार वाऱ्यात पोळ्या लाटतात आणि दुपारी देवाजी ओट्याखाली चटई टाकून, पिठाच्या डब्याला पाय लावून झोपतात. शिंक नाही, घाम नाही, झोप अगदी गाढ लागते. ते कबूल मात्र करत नाहीत.

परवा पुण्याहून मुलाचा, पियूषचा फोन आला. केसचं काय झालं, म्हणून त्यानं विचारलं.

"जिंकलो ना बेटा," देवाजी चटईवरूनच म्हणाले. "अर्जदार आपल्याच घरची होती."