तळ्यावरचं बिऱ्हाड

काचेच्या खोलीत ती माइकसमोर बसली होती खरी, पण जीव घरी टांगलेला. बाळंतपणानंतर निवेदिका म्हणून हे पहिलंच काम, आणि लेक पहिल्यांदाच एकट्या बाबाच्या हवाली. त्यातून निर्मात्यांनी सकाळीच गोड आवाजात सांगितलेलं, की संध्याकाळपर्यंत फिल्म गेली नाही तर पुढचे भाग दुसरीला.

फिल्म जुनी, कृष्णधवल. त्या काळच्या माहितीपटांतले प्राणी राहत जंगलात, पण वागत शेजारपाजाऱ्यांसारखे. हिच्यातल्या कमळपक्ष्यांनी तर तळ्यावर बिऱ्हाडच थाटलेलं: अंडी उबवते ती सोशिक माउली, आणि ऐटीत हिंडतात ते घरधनी. जुन्या संहितेचं मराठी करून तिने 'माउली' असं काही म्हटलं, की ध्वनिमुद्रकाने गहिवरून नाक ओढलं.

तेवढ्यात, संहिता तपासायला दिली होती त्या पक्षितज्ज्ञ बाईंचा फोन आला. बाकी छान, म्हणाल्या, पण तुमची माउली नर आहे. या पक्ष्यांत अंडी बाप उबवतो. हिंडतात त्या बाईसाहेब.

"मग माउली काढा, बाबा घाला," निर्माते म्हणाले.

घातला. पण मराठीत बाबा एकटा येत नाही, सगळी क्रियापदं मागे लावून येतो. 'बसली'चं 'बसला' केलं, तर पुढच्या वाक्यात 'मायेचा पदर' लोंबत राहिला. पदर काढला, तर 'सोशिक बाबा' ऐकून ध्वनिमुद्रकाला हसू फुटलं आणि तेही ध्वनिमुद्रित झालं. पुन्हा पहिल्यापासून. मग निर्मात्यांना घरधनीण खटकायला लागली.

"बाई अशी नुसती हिंडते, बरं नाही दिसत. देखरेख करते म्हणा."

"तळ्याची?"

"कशाचीही."

बाहेर उन्हं उतरत होती. मांडीवरच्या फोनकडे बघून बघून तिची मान दुखायला लागली. शेवटी तो वाजलाच, आणि घाईत तिचं बोट भलत्या जागी पडून नवऱ्याचा आवाज खोलीभर घुमला. माइक चालूच होता.

"अगं, मी हललो की ही उठते. मघापासून असाच बसलोय. पायाला मुंग्या आल्यात, पाणीसुद्धा प्यायलो नाही."

"अरे, मग खाली ठेव ना तिला."

"कशी ठेवू? उबेला झोपलीये. तू हिंड निवांत, मी आहे."

काचेपलीकडे निर्मात्यांनी हात वर केला. संपलं, तिला वाटलं. पण ते पडद्याकडे बघत होते. अंड्यांवरचा तो पक्षी तसाच, मान ताठ करून बसलेला.

"पुसू नका," ते ध्वनिमुद्रकाला म्हणाले. "तेवढं 'मी आहे' इथे लावा."

फिल्म वेळेत गेली. पुढचे भाग तिलाच मिळाले, फक्त ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बाळ बाबाकडे हवं, ही निर्मात्यांची अट.

ती जवळजवळ पळतच घरी पोचली. तो अजून तस्साच बसलेला, लेक छातीवर.

"काम झालं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"झालं. तूही आहेस फिल्ममध्ये."

"मी? कोण म्हणून?"

तिने त्याच्या मुंग्या आलेल्या पायांखाली उशी सरकवली.

"माउली," ती म्हणाली.