सोळा रंगांत नसलेला रंग

भोईरअण्णा माणसाची किंमत रंगांत करायचे. "आपला मॅनेजर? चार रंगांचा गडी. त्याच्या बायकोत मात्र सोळा हायत." मी एकदा धीर करून विचारलं, "आणि मी?"

"तू अजून चालूच झालेला नायस रं, मास्तर."

अण्णा कर्जतजवळच्या कळंबचे, खोपोलीच्या आमच्या कारखान्यात स्टोअरकीपर. मी 'मास्तर', कारण मुंबईला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो. कोर्सभर मला डुलक्या लागत होत्या, हे कारखान्याला ठाऊक नव्हतं.

पहिल्या कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं उमटायची. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालायचा. पुढे हेड ऑफिसने सीजीए नावाचं रंगीत कार्ड धाडलं. मी ते बसवलं आणि मोठ्या रुबाबात जुना हिरवा पडदाच त्याला जोडला. पडद्याने आधी माथेरानच्या गाडीसारखी शिट्टी मारली, मग धूर काढला.

"नारळ फोडला नव्हता का रं?" अण्णा म्हणाले.

मॅनेजर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण रंगीत पडदा घ्यावाच लागला. थोडक्यात, कारखान्यात रंग आले ते माझ्या कर्तबगारीने.

एका वेळी चारच रंग दिसायचे. मी त्यांच्या पट्ट्या दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि जेवणाच्या सुट्टीत अण्णा स्टूल ओढून समोर बसायला लागले. नदीकाठी बसून पाणी बघावं तसे बघायचे. "यात नाय. दुसरे चार लाव." तेही बघायचे. "यातही नाय."

"काय शोधताय?"

"एक रंग हाय. दिसला की सांगतो."

मग ईजीए नावाचं नवं कार्ड आलं. सोळा रंग! एसीची घरघर, खिडक्यांचे ओढलेले पडदे, अण्णांच्या पांढऱ्या शर्टावरून संथपणे सरकणारे रंग. माझे डोळे मिटत. खोली जमिनीवरून सुटून धुक्यात तरंगतेय असं वाटायचं. एकदा त्या तंद्रीतच त्यांचा आवाज आला.

"यांच्यात नाय, पण जवळ आलोय मास्तर."

आणि मग त्यांनी सांगितलं. बायकोने कर्जतच्या बाजारातून साडी आणली होती. पदर त्यांच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "सांगा, ह्या रंगाला काय म्हनतात?" हे म्हणाले, "लाल." ती पोट धरून हसली. "लाल कुठला! नीट बघा नि इचार करून सांगा." विचार होईपर्यंत ती आजारी पडली आणि गेली. ती साडी नेसूनच गेली.

"सांगायचं राहिलंय रं," अण्णा म्हणाले.

त्यानंतर मीच पेटलो. हिशेबाच्या कामाला दोनशे छप्पन्न रंग अत्यावश्यक आहेत, असा अर्ज खरडला. चार रंगांच्या मॅनेजरने न वाचता सही केली आणि व्हीजीए आलं.

पडदाभर चिमुकले चौकोन उमटले. अण्णांनी चष्मा पुसला. त्यांचं बोट काचेजवळ गेलं, एका चौकोनापाशी थांबलं, मग शेजारच्यावर गेलं, मग त्याच्या खालच्यावर.

"सापडला?"

"हाही वाटतो. आन हाही. चार होते तेवा पक्कं ठाऊक होतं, यात नाय. आता सगळेच तिचे वाटतात."

काय बोलावं कळत नाही, तेव्हा मी नेहमी चुकीचं बोलतो. एका चौकोनावर बोट ठेवून म्हणालो, "हाच धरा अण्णा, हाच पक्का."

"तू तिला बघितलंस तरी का रं?"

रागावले नव्हते. स्टूल पुढे ओढून म्हणाले, "एकेक मोठा करून दाखव. घाई नाय."

मी एक रंग पडदाभर पसरवला. त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. मी शेजारीच आहे हे ते विसरले असावेत. पुढे झुकून अगदी हळू विचारलं, "हा का गं?"

थोडा वेळ थांबले. मग नाही म्हणून मान हलवली, आणि मी पुढचा रंग लावला.