आठवी चौकट

शाळेच्या कुस्ती अजिंक्यपदाच्या निवड चाचणीत टिकली पाचवी आली आणि स्पर्धेत उतरणार होत्या चार. चाळीस किलोच्या गटात मुली एकूण सात, म्हणजे पाचवी काही अगदीच वाईट नव्हे. पण टिकलीने घरी आधीच सांगून टाकलं होतं की आपली निवड झाली. बाबांनी बेकरीतून सुट्टी काढली होती. आत्याने नवे बूट घेऊन दिले होते आणि टिकली ते घालून दोन दिवस घरभर फिरत होती. आता ते काढायचे कुठल्या तोंडाने?

तिने खेळाच्या सरांना गाठलं. "सर, चारच का?"

खेळाचे सर मुळात चित्रकलेचे. जुने सर निवृत्त झाले तेव्हा 'तुम्हाला वेळ असतो' म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी स्पर्धा यांच्या गळ्यात मारली. कुस्तीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण लढतींचा तक्ता ते असा काढत की बघत राहावं.

"चार छान दिसतात," सर म्हणाले.

"पाच करा ना."

सरांनी कच्च्या कागदावर पाच चौकटी काढल्या आणि मान तिरकी करून पाहिल्या. "छे. एक लोंबकळतेय. पाचवीने लढायचं कोणाशी, भिंतीशी?"

"मग सहा?"

"सहातून तीन उरतात. तिसरी परत भिंतीशी." पण एव्हाना पेन्सिल थांबेना. "आठ मात्र... आठच्या चार, चारच्या दोन, दोनची एक. अगं, हे तर झुंबर झालं."

झुंबरात टिकली आरामात बसत होती. अडचण एकच. मुली सात.

"रिकामी चौकट मी भिंतीवर लावत नाही," सर म्हणाले. "आठवी आण, नाहीतर चार."

टिकलीच्या बाकावर माई बसायची. तीन धाकट्या बहिणींचं सगळं तीच करायची, म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षीच तिची माई झाली होती. वजन एकोणचाळीस किलो, दप्तर सोडून.

"मला कुस्ती येत नाही गं," माई म्हणाली.

"यायचीच नाहीये. तू फक्त चौकट भरायची."

"लागलं तर?"

"लागायला वेळ तर मिळाला पाहिजे. पहिल्याच फेरीत हरशील. वर दिवसभर वर्ग नाही."

वर्ग नाही म्हटल्यावर माई तयार झाली. एकही लढत न लढता ती आठवी आली.

आता एकाच गटाचं झुंबर आणि बाकीच्या गटांच्या नुसत्या चार-चार खुंट्या, हे सरांच्या डोळ्यांना कसं चालावं? त्यांनी वजनाचे पाचही गट आठ-आठचे केले. लढती दुपटीहून वाढल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सभागृह दोनपर्यंतच मिळेल. मग पालकसभा आहे."

"मग चार मिनिटांची लढत दोन मिनिटांची करू," सर म्हणाले. "पण चौकट एकही जाणार नाही."

इथे टिकलीची पंचाईत झाली. तिचा सगळा डाव असा, की तीन मिनिटं निसटत राहायचं आणि समोरची धापा टाकायला लागली की चौथ्या मिनिटाला तिला पाडायचं.

"सर, चारच बऱ्या होत्या," ती हळूच म्हणाली.

"शाई लागली आता."

स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. टिकली विरुद्ध माई. टिकलीचा जीव भांड्यात पडला. पहिल्या रांगेतल्या बाबांना तिने बोटानेच खूण केली, की ही तर झालीच.

शिट्टी वाजली. टिकली डावीकडे निसटली, तर तिथे माईचा हात. उजवीकडे निसटली, तर तिथे माईचा गुडघा. पुढच्या क्षणी तिचं मनगट माईच्या काखेत होतं आणि पाठ गादीवर.

"हलू नकोस गं, डोळ्यात जाईल," माई सवयीने म्हणाली.

पंचांनी हात वर केला तरी माई टिकलीचा कान मागून नीट तपासत होती.

"येत नाही म्हणालीस ना?" टिकली खालूनच म्हणाली.

"कुस्ती नाहीच येत. तिघींना रोज आंघोळ घालते. त्या साबण लावलेल्या असतात, तू निदान कोरडी होतीस."

पुढे उपांत्य फेरीत एकीने आणि तिसऱ्या जागेच्या लढतीत दुसरीने माईला पाडलं, तेही फार कष्टाने, त्यामुळे माई चौथी आली. पहिल्या फेरीत हरलेल्या बाकीच्यांना टिकलीने हरवलं आणि ती आली पाचवी.

"बूट छान दिसत होते हं," बाबा म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं कळू द्यायचं नव्हतं.

आंतरशालेय स्पर्धेला किती जणी पाठवायच्या, हेही सरांनीच ठरवायचं होतं. "पहिल्या चार," त्यांनी जाहीर केलं. टिकलीने नाक पुसलं, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि ती त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सर, चारच का?"

सरांचा हात पेन्सिलीकडे गेला. तेवढ्यात मागून माईने पेन्सिल अलगद उचलली आणि आपल्या वेणीत खोचली.

"चारच बऱ्या, सर," ती म्हणाली. "पाच म्हटलं की त्यांच्या आठ होतात. आणि आठवी कोण येईल, काही सांगता येत नाही."