उंबऱ्याबाहेरची सोलकढी

"उद्या रात्रीचं जेवण मी करणार. सगळं," क्षमा म्हणाली, आणि आमटीची वाटी तोंडाला लावलेले तिचे सासरे सहदेव परब तसेच थांबले.

बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर सुगंधाबाईंचं होतं. लग्न होऊन आल्यापासून क्षमाच्या वाट्याला चहा, कांदे चिरणं आणि शिट्ट्या मोजणं एवढीच कामं आली होती. मरोळच्या एका रंगांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत नोकरी करायची. तिथे पिंपभर रंग तिच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. घरी मात्र चमचाभर हळदसुद्धा सासूबाईंच्या नजरेखालून जायची.

"काय करणार आहेस?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"मेक्सिकन."

"झकास!" जयवंत, तिचा नवरा, उडालाच. फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाल्यापासून त्याच्या डोक्यात मेक्सिकोशिवाय दुसरा देश शिरत नव्हता. "काय खातात गं ते?"

"मक्याच्या पातळ रोट्या, राजमा आणि टोमॅटो-कांद्याची तिखट चटणी. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, मग वाटायचा. तरच त्याचा गोळा चिकट होतो. मी वाचलंय."

"चुन्यात?" सहदेवांनी खिशातली तंबाखूची डबी चाचपली. "म्हणजे मी मळतंय तसोच? मग माझो जन्म मेक्सिकोतच होवक होयो होतो."

"आणि आई, तुम्ही उद्या नुसतं बसायचं. जेवण सगळ्यांना आवडलं, तर दर रविवारी स्वयंपाकघर माझं."

एवढं बोलून क्षमा स्वतःच दचकली. सुगंधाबाईंनी हातातला डाव शांतपणे खाली ठेवला.

"दिलं. कुणकेश्वराची शपथ, उद्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या आत पाऊल टाकणार नाही. आणि टाकलं, तर जेवण कसंही होवो, रविवार तुझा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर, बरोबर दारात, पाट मांडला आणि त्यावर बसल्या. पाय बाहेर होते. तोंड आत होतं.

"गॅस मोठा आहे गं."

"हो आई."

"मी काही बोलत नाही. फक्त मोठा आहे."

क्षमाने पानवाल्याकडून चुना आणला होता. मका आदल्या रात्रीच चुन्यात शिजवून, भिजवून ठेवला होता. सालं सुटली होती. शिवाय सालं सुटली नाहीत तर असावं म्हणून आणखी एका पातेल्यात चुन्याचं पाणी कालवून तिने ते ओट्याच्या टोकाला, दाराजवळ, झाकून ठेवलं होतं. प्रयोगशाळेत ती पाण्याच्या बाटलीवरसुद्धा चिठ्ठी लावायची. घरी कशाला लावायची, असं तिला वाटलं.

मका मिक्सरमध्ये घातला. मिक्सर घुर्र करून थांबला. तिने पुन्हा बटण दाबलं. या वेळी त्याने आवाजाऐवजी वास काढला.

"जळाला," दारातून निदान आलं. "मी काही बोलत नाही."

शेजारच्या शेवंतीबाईंकडे पाटा-वरवंटा होता. क्षमा मक्याचं भांडं घेऊन तिकडे गेली. जयवंतला तिने टोमॅटो आणायला पिटाळलं.

घरात दोघंच उरली. सहदेव बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होते. शेवटी ते बायकोपाशी येऊन उभे राहिले.

"मासो नाय, कढी नाय. मग रविवार कसलो गो?"

"मला सांगू नका. मी आज पाहुणी आहे."

"राजमो आणि मको. गळ्याखाली उतरतलो कसो? निदान वाटीभर सोलकढी..."

ते निघून गेले. सुगंधाबाईंनी मान उंचावली. हात लांबवून दाराजवळच्या पातेल्याचं झाकण किंचित सरकवलं. आत काठोकाठ पांढरंशुभ्र. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुनेबद्दल माया दाटून आली. पोरीने नारळाचा रस काढून ठेवला होता! बिचारी पुढचं विसरली होती, आणि विचारायची चोरी.

पांढरं पातेलं म्हणजे नारळाचा रस, याबद्दल त्यांना जन्मात कधी शंका आली नव्हती.

गावाहून आलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली बाहेरच्या कपाटात असायची. त्यांनी ती आणली, पुन्हा पाटावर बसल्या, पाय नीट मागे ओढले आणि हात लांब करून वाटीभर आगळ पातेल्यात ओतलं. मग डाव आत घालून ढवळलं आणि गुलाबी रंगाची वाट पाहिली.

कढी आधी जांभळी झाली. मग निळसर. मग पावसाळ्यातल्या विहिरीच्या तळासारखी हिरवट झाली आणि तशीच राहिली.

आगळ कमी पडलं असेल म्हणून सुगंधाबाईंनी आणखी ओतलं. हिरवा गडद झाला. पाऊल बाहेर ठेवून हात आत घातला, ही लबाडी कुणकेश्वराला दिसली होती आणि त्याने ताबडतोब उत्तर पाठवलं होतं. त्यांनी झाकण घट्ट बसवलं, बाटली कपाटात ढकलली आणि डोळे मिटून बसल्या.

क्षमा परतली ती दमलेली, पण खूश. गोळा छान मऊ झाला होता. चण्याएवढा गोळा चिकटपणा पाहायला तिने बोटांत दाबला. उत्तम. मग हातावर रोटी थापायला घेतली आणि पहिलीच कडेने फाटली. दुसरीचा कोकण किनारा झाला. तिसरी तव्यावर पडेपर्यंत तिचे तीन भाग झाले.

"वाट लागली यार," टोमॅटो घेऊन आलेला जयवंत म्हणाला.

"तू गप रे! ते झाकलेलं पातेलं तिकडे सरकव आधी."

त्याने झाकण उचलून पाहिलं. "हे काय गं? भारी कलर!"

क्षमाने वळून पाहिलं. चुन्यात आंबट लाल काही पडलं की रंग असाच उलटतो, हे तिला पाठ होतं. या घरात आंबट लाल एकच होतं. ते ओतणारा हातही एकच होता. तिने दाराकडे पाहिलं. सुगंधाबाई पंख्याकडे पाहत होत्या. त्यांच्या पदराच्या टोकाला एक हिरवा डाग होता.

एक वाक्य बोललं की शपथ मोडल्याचा बोभाटा झाला असता आणि रविवार तिचा झाला असता. वाक्य तिच्या जिभेवरही आलं. पण चुन्यावर चिठ्ठी कुणी लावली नव्हती? आणि त्या पातेल्यातलं कुणी चाखलं असतं तर?

"ते... तिकडचं आहे," ती म्हणाली. "प्यायचं नसतं. नुसतं बघायचं."

"बघायचं?"

"शोभेचं. फ्रिजवर ठेव."

सुगंधाबाईंचे डोळे पंख्यावरून हळूच खाली आले. क्षमा परात घेऊन उंबऱ्यापाशी आली.

"आई, रोट्या तुटतायत. तुम्ही थापाल? परात बाहेरच ठेवते. शपथेला धक्का नको."

सुगंधाबाई पुढे सरकल्या. त्यांच्या तळव्यांत मका असा पसरत गेला, जणू तो तांदळाचंच पीठ होता. बाहेर थापणं, आत भाजणं आणि उंबऱ्यावर जयवंत.

"पास! आई, पास!"

"टाकलीस तर कानाखाली खाशील."

जेवायला बसले तेव्हा सहदेवांनी पहिली रोटी राजम्यात बुडवली. दुसरी न विचारता घेतली. तिसरीला म्हणाले, "ह्या आपल्या भाकरीचा चुलत भावंड दिसता."

क्षमाने श्वास सोडला. तेवढ्यात जयवंतला आठवण झाली. "अरे, शोभेचं राहिलंच!" ती नको म्हणेपर्यंत त्याने पातेलं आणून मधोमध ठेवलंही.

सहदेव चटणीवर लिंबू पिळत होते. एक चिळकांडी पातेल्यात गेली. हिरव्या पाण्यावर लाल ठिपका फुलला. सहदेवांचे डोळे चमकले. त्यांनी अख्खं लिंबू पिळलं. लाल रेघा पसरल्या.

"अगो, ही तर सोलकढी! लपवून ठेवलेली!" त्यांनी वाटी बुडवली.

"बाबा, नको!" क्षमा ओरडली. पण त्याआधीच सुगंधाबाई उठल्या होत्या. नवऱ्याच्या हातातली वाटी हिसकावून, पातेलं कवटाळून त्या तीरासारख्या गेल्या आणि सगळं मोरीत ओतूनच थांबल्या.

सहदेव मागोमाग उंबऱ्यापर्यंत आले.

"सुगंधा," सहदेव म्हणाले, "तुझे पाय बघ."

सुगंधाबाईंनी खाली पाहिलं. दोन्ही पाय स्वयंपाकघराच्या अगदी आत, मोरीच्या कडेला होते.

क्षमा ताटं आवरायच्या निमित्ताने आत गेली.

"तुला कधी कळलं?" सुगंधाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"झाकण उघडल्यावर. चुना होता तो, आई."

"चुना!" त्यांनी रिकाम्या पातेल्यात पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"चिठ्ठी मी लावली नव्हती."

पुढच्या रविवारी क्षमा स्वयंपाकघरात शिरली तेव्हा सुगंधाबाई उंबऱ्याबाहेर पाटावर, पाय मागे ओढून, बसलेल्या होत्या. आत प्रत्येक डब्यावर त्यांच्या मोठ्या, वळणदार अक्षरांत चिठ्ठ्या होत्या. मीठ. साखर. तांदळाचं पीठ. दाराजवळच्या टोकाला एक झाकलेलं पातेलं होतं. त्यावर लिहिलं होतं : "हे पिता येतं."