फक्कीच्या घराचं दार

करीमभाईंनी आम्हाला पहिला प्लॉट दाखवला आणि लगेच आमच्या ह्यांना घराबाहेर काढलं. घर कसलं? उघडा माळ आणि त्यावर फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघा. हे त्यातली एक रेघ ओलांडून सरळ पुढं गेले होते.

"साहेब, भिंतीतून कुठं घुसून राहिले? दार तिकडं हाय."

आवाज इतका दुखावलेला, की हे मुकाट्यानं मागं फिरले आणि वळसा घालून 'दारातून' आले. वर चपलाही काढल्या.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. बदलून आलेल्या कारकुनांना घरं हवी होती आणि दलालांचं पीक आलं होतं. बाकीचे नकाशा दाखवत, करीमभाई अख्खं घर आखत. मला त्यांनी भर उन्हात स्वयंपाकघरात बसवून विचारलं, धूर डोळ्यांत जातोय का? मी लातूरजवळच्या मुरुडची, असल्या थापांना भुलणारी नव्हे. पण थोड्या वेळानं मीच खिडकी अलीकडं सरकवून मागत होते. त्यांनी पायानं रेघ पुसून सरकवलीसुद्धा. मग काय, घेतला प्लॉट.

शेजारचा कोपऱ्याचा प्लॉट त्यांचा स्वतःचा. त्यावरही फक्कीचं घर. वारा रेघा उडवी, शेळ्या तुडवत, करीमभाई पुन्हा आखत. एक डाळमिलवाले शेठ तो प्लॉट मागायला आले, तर म्हणाले, "न्हाई शेठ, इथं माणसं राहतात." लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय.

मला राहवेना. एकदा विचारलंच, गावाला घरं देता आणि स्वतः भाड्याच्या खोलीत का कुजता? तेव्हा कळलं. दुष्काळ पडला, घरमालकानं पाण्यावरून त्यांच्या बायकोचा, जुलेखाबींचा, चारचौघांत अपमान केला आणि त्या अर्धापूरला माहेरी निघून गेल्या. स्वतःचं दार आणि दारात पाणी असेल तेव्हाच बोलवा, असं सांगून. आता प्यायचं पाणीच टँकरनं येई, भिंती कशानं बांधणार? एवढा बोलघेवडा माणूस, पण सांगताना नुसता रेघांकडं बघत होता.

उन्हाळ्यात कॉलनीच्या हापशासाठी बोअरची गाडी आली. जागा निघाली नेमकी करीमभाईंच्या कोपऱ्यापुढची. गाडीचं चाक फक्कीवर चढलं, तर त्यांनी ड्रायव्हरला ती मागं घ्यायला लावली. आधी धुरळा उडाला, मग चिखल, आणि मग पाणी! आम्ही सगळे भिजलो. करीमभाई मात्र एसटी स्टँडकडं पळत सुटले होते. नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ त्यांना अर्धापूरसाठी निरोप द्यायचा होता.

जुलेखाबी आल्या, हातात एक पेटी. अख्खी कॉलनी बघायला उभी. करीमभाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"भिंती... व्हायच्यात अजून," ते कसंबसं म्हणाले.

जुलेखाबींनी हापसा बघितला, रेघा बघितल्या. एक पाऊल टाकलं असतं तर आत होत्या. पण त्या अख्ख्या घराला वळसा घालून दारापाशी गेल्या, चपला काढल्या, आत आल्या.

"चूल कुठं मांडू?"

करीमभाई तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. मला तर आनंदानं काही सुचेना. हापशावर कळशी भरली आणि तशीच धावत आत शिरले.

जुलेखाबींनी हात आडवा केला.

"वहिनी, दार तिकडं हाय."

मी कळशी सांभाळत वळसा घातला.